४५ एचपी ट्रॅक्टरला ओंडके ओढायची विंच: किती टनी घ्यावी, दोर कोणता, लावायची कशी?

बुंधा_शेंडा (प्रश्न)

ट्रॅक्टर ४५ एचपी, टू-व्हील ड्राइव्ह, वजन साधारण २,००० किलो, पीटीओ (इंजिनची ताकद बाहेर देणारा मागचा फिरता दांडा) ५४० आरपीएम. मागे तीन पॉइंटवर बसणारी, पीटीओवर चालणारी विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) घ्यायची आहे. ओंडके ओले, कठीण लाकडाचे, जास्तीत जास्त ४५ सेंमी जाड आणि ५ मीटर लांब. ते उतारावरून वर रस्त्यावर काढायचे आहेत. अंतर ४० ते ५० मीटर, चढ शंभराला वीस.

विकणारे ३ टनीपासून ६ टनीपर्यंत सगळ्यांनाच "चालेल" म्हणतात. एवढ्या ट्रॅक्टरला नक्की किती टनी पेलेल? दोर स्टीलचा की सिंथेटिक? आणि वापरताना लोक नेमके कुठे चुकतात? रस्ता अरुंद आहे, ट्रॅक्टर प्रत्येक वेळी ओंडक्याकडे पाठ करून उभा राहीलच असं नाही, हेही धरून सांगा.

कप्पीवाला

आधी ओंडक्याचा हिशेब करू, टनाचा आकडा त्यातून आपोआप निघेल.

४५ सेंमी जाड, ५ मीटर लांब म्हणजे ०.८ घनमीटर. ओलं कठीण लाकूड घनमीटरला हजार किलोच्या आसपास धरा, म्हणजे ओंडका ८०० किलो. जमिनीवरून फरफटताना वजनाच्या ६० टक्के ओढ लागते असं धरलं आणि त्यात २० टक्के चढ मिळवला, तर एका ओंडक्याला साधारण ६३० किलो, दोघांना सव्वा टन. हे मोकळ्या जमिनीवर. तोंड खुंटाला किंवा दगडाला अडलं की तीच ओढ क्षणात दुप्पट-तिप्पट होते. म्हणून दोन ओंडक्यांमागे साडेतीन ते चार टनी विंच पुरते. तीन ओंडके एकदम ओढायचा मोह आवरा.

आता पाटीवरचा टनाचा आकडा. तो जवळपास रिकाम्या ड्रमचा असतो, म्हणजे दोर सगळा बाहेर आणि आतल्या थरावर ओढ चालू असतानाचा. समजा रिकामा ड्रम १५० मिमी आणि दोर भरल्यावर २५० मिमी झाला. ४ टनी विंच तेव्हा २.४ टनच ओढते आणि दोराचा वेग मात्र साधारण १.७ पट होतो. ओंडका जवळ आला की जोर कमी, वेग जास्त, हे उलटं वाटतं पण असंच आहे. म्हणून अंतर ५० मीटर असेल तर ६० मीटर दोर भरा. "असू द्या, बरा" म्हणून १०० मीटर भरला तर वरच्या थरांत ओढ हकनाक जाते.

इंजिनची ताकद इथे सहसा आड येत नाही. ४ टन ओढ ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाने म्हणजे २४ किलोवॅट, साधारण ३२ एचपी. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर ३८ च्या आसपास मिळतात. भागतं.

आड येतं ते ट्रॅक्टरचं वजन. विंचचं पातं (खालची, जमिनीत टेकणारी जाड पट्टी) जमिनीत रुतलं की तो टेकू होतो. वरची कप्पी जमिनीपासून १.२ मीटरवर असेल तर ३ टन ओढ म्हणजे ३.६ टन-मीटरची मागे उलथवणारी मुरड (ओढ गुणिले उंची). तिच्याविरुद्ध ट्रॅक्टरचे २ टन, गुरुत्वमध्य पात्यापासून १.८ मीटर पुढे, म्हणजे बरोबर ३.६. तराजू समसमान! हा ढोबळ हिशेब आहे, पुढची चाकं हलकी व्हायला याच्या बरीच आधी सुरुवात होते. पुढे १०० किलोची वजनं टांगली तर ती पात्यापासून साधारण ३.६ मीटरवर येतात आणि कप्पीवर ३०० किलोची भर पडते. तीच ओढ खालच्या कप्पीवरून, अर्ध्या मीटर उंचीवर घेतली तर मुरड दीड टन-मीटरवर येते.

तेव्हा ६ टनी विंच या ट्रॅक्टरला लावणं म्हणजे बैलापेक्षा गाडा जड. विंच ओढेल, पण ओंडका येण्याऐवजी ट्रॅक्टरच त्याच्याकडे जाईल. साडेतीन किंवा चार टनी घ्या, पुढची वजनं लावा. वरची कप्पी फक्त ओंडक्याचं तोंड उचलायला वापरा. नेट लावायचा असेल तेव्हा दोर खालच्या कप्पीतून घ्या.

तारेवरची_कसरत

वरच्या हिशेबाला दुजोरा. आता दोर.

साधा नियम: दोराची तुटण्याची क्षमता विंचच्या कमाल ओढीच्या दुप्पट तरी हवी. कमाल म्हणजे रिकाम्या ड्रमची, सरासरी नव्हे. १७७० ग्रेड (तारेच्या ताकदीचा दर्जा), सहा लडींचा, स्टील गाभ्याचा साधा दोर १० मिमीला साधारण ६.४ टनावर तुटतो, ११ मिमीला पावणेआठवर, १२ मिमीला सव्वानऊवर. म्हणजे ३ टनी विंचला १० मिमी चालतो. ४ टनीला १२ मिमी लागतो, नाहीतर लडी दाबून केलेला कॉम्पॅक्टेड दोर, तो त्याच जाडीत बराच जास्त पेलतो. दुकानात "१० मिमी आहे, मजबूत आहे" एवढ्यावर घेऊ नका. गाभा स्टीलचा की तागाचा हे विचारा आणि तुटण्याच्या क्षमतेचा दाखला मागा. तागाच्या गाभ्याचा दोर हाताला मऊ लागतो, पण ड्रमवर थरावर थर चढले की खालचा चपटा होतो.

वजनही बघा. १२ मिमी दोर मीटरला ६०० ग्रॅम, ६० मीटरला ३५ किलो. उतारावर खाली नेताना जाणवत नाही, पण वरून खाली ओढायचं काम असेल आणि ट्रॅक्टर दरीत उभा असेल तर हा दोर माणसाने चढावर न्यायचा असतो.

सिंथेटिकचा मोठा गुण तोच. त्याच जाडीत तो स्टीलच्या साधारण सातवा-आठवा भाग वजनाचा, ताकद स्टीलइतकी किंवा जास्त, हाताला काटे लागत नाहीत आणि तुटला तर झटका कमी. दोष असे: धारदार दगडावर घासला की लडी कापल्या जातात, वाळूचे कण आत शिरून आतून झिजतो, आणि उष्णता सोसत नाही. दीडशे अंशाला तो वितळतोच, पण सत्तरच्या पुढे गेला की ताकद उतरायला लागते. सरकणाऱ्या क्लचशेजारी तापलेल्या ड्रमवर हा आकडा दूर नाही. त्याला गाठ मारली तर निम्मी ताकद गेली. टोक विणूनच करायचं, म्हणजे स्प्लाइस. आधी स्टील वापरलेल्या विंचवर तो चढवायचा असेल तर कप्प्या आणि गाइड रोलर बोट फिरवून तपासा. स्टीलने पाडलेल्या खाचा सिंथेटिकला एका दिवसात खातात. मुरुमाच्या, दगडी उतारावर माझं मत स्टीलच्या बाजूने.

लाकूडतोड्या_२ (तारेवरची_कसरत यांना)

स्टीलचं एवढं कौतुक नको. दिवसाला वीस खेपा दोर खाली न्यायच्या तर थकलेला माणूस चोकर (ओंडक्याला आवळायची साखळी किंवा दोर) नीट बांधत नाही, आणि निसटलेला चोकरही तेवढाच घातक. दगडाशी संबंध येतो तो बहुतेक शेवटच्या दहा मीटरचा. तिथे जाड विणलेली बाही सरकवा आणि टोकाला दोराऐवजी साखळी जमिनीवर राहील असं बघा. मऊ माती असेल तर सिंथेटिक सरस.

तारेवरची_कसरत

बाहीचा मुद्दा मान्य. जमीन बघून ठरवायचं. पण दोन्हींना सारखं लागू असलेलं एक सांगायचं राहिलं: नवा दोर ड्रमवर सैल गुंडाळू नका. सैल थरावर ओढीचा दोर आला की तो खालच्या वेढ्यांत पाचरीसारखा घुसतो आणि पुढच्या वेळी बाहेरच येत नाही. सगळा दोर सपाट जमिनीवर सरळ पसरा, टोकाला दोन-तीनशे किलोचा ओंडका लावा आणि तो हळूहळू ओढत गुंडाळा.

ड्रमवर दोर ज्या स्क्रूने धरलेला असतो तो भार घ्यायला नसतो. वेढ्यांचं घर्षण भार घेतं. स्टीलचे किमान ३ वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, सिंथेटिक निसरडा म्हणून ८ ते १०. त्या जागेच्या अलीकडे २ मीटर दोर लाल रंगवा. लाल दिसलं की थांबा.

दोर कधी काढायचा: एका पिळाच्या लांबीत (एक लड दोराभोवती पूर्ण फेरा घेते तेवढ्या अंतरात) ६ तारा तुटलेल्या, किंवा एकाच लडीत ३ तुटलेल्या दिसल्या तर. १० मिमीचा दोर मोजून ९ भरला तर. लडी फुगून पिंजरा झाला असेल तर. आणि एकदा वळ पडून कडक कोन बसला असेल तर, मग तो हातोडीने कितीही सरळ केलेला असो. बहुतेक खराबी शेवटच्या ३-४ मीटरला होते. तेवढा तुकडा कापून टोकाची शेंबी (दोराचा फास धरणारी धातूची नळी) नव्याने दाबून घ्या, बाकी दोर वाचतो. यू-क्लिपा लावून काम भागवता येतं, पण चोकरचे सरकते हूक त्यांच्यावरून जात नाहीत आणि कप्पीत त्या अडकतात. क्लिपा लावल्याच तर पट्टीची बाजू भार घेणाऱ्या दोरावर, यू दुमडून आलेल्या शेपटीवर. उलटी लावली तर यू भाराचाच दोर चेचतो.

न्यूट्रल

बसवणं आणि चालवणं यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पीटीओ शाफ्ट जसा आला तसा लावू नका. विंच जोडा, शाफ्ट न लावता लिफ्ट पूर्ण खालून पूर्ण वर न्या, आणि दोन्ही टोकांतलं अंतर कुठे सर्वात कमी होतं ते मोजा. त्या सर्वात कमी अंतरातही नळ्या पूर्ण मिटता कामा नयेत, २५ ते ३० मिमी मोकळे राहिले पाहिजेत. जागा नसेल तर लिफ्ट उचलताक्षणी शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर घणासारखा बसतो. कापायचं तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कव्हरं सारख्याच मापाने कापा, कानस मारून कडा मोडा, ग्रीस लावा. सर्वात लांब स्थितीत नळ्या एक तृतीयांश तरी एकमेकींत राहायला हव्यात. कव्हरची साखळी अडकवा, म्हणजे कव्हर फिरणार नाही.

टॉप लिंक अशी जुळवा की पातं टेकल्यावर विंच साधारण उभी राहील. लोअर लिंकच्या बाजूच्या साखळ्या ताणा. त्या सैल राहिल्या तर तिरक्या ओढीत विंच टायरवर जाऊन घासते.

कामाचा क्रम: ट्रॅक्टर ओंडक्याकडे पाठ करून सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक. लिफ्ट पूर्ण खाली, पातं जमिनीत. दगडावर टेकलं असेल तर जागा बदला, कारण दगडावरचं पातं घसरतं. मग दोर नेऊन चोकर बांधा. पीटीओ त्यानंतर चालू, इंजिन हजार-बाराशेवर. पूर्ण ५४० आरपीएमची गरज नसते. वेग कमी असला की अडलेला ओंडका वेळेत दिसतो. विंच वर उचललेली असताना पीटीओ फिरवू नका, युनिव्हर्सल जॉइंट कोनात खडखडतो आणि क्रॉस जातो. ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ असेल तर लिव्हर कोणत्या बाजूला आहे ते बघूनच सुरू करा.

क्लचची दोरी ओढली की लायनिंगची तबकडी ड्रमला दाबली जाते. ही दोरी एक तर पूर्ण ओढा, नाही तर पूर्ण सोडा. अर्धवट ओढून "हळूहळू" आणण्यात लायनिंग जळतं. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, झाडाला बांधायची नाही. ती हातातून सुटली की विंच थांबते, सगळी सुरक्षा त्यावर आहे.

उभं कुठे राहायचं: बाजूला, दोरी पोचेल तितकं लांब. ट्रॅक्टर आणि ओंडका यांच्या मधल्या पट्ट्यात कोणी नको, आणि उतारावर ओंडक्याच्या खाली तर अजिबात नको. ताणलेल्या दोरावरून पाय टाकून पलीकडे जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. विंचवरची जाळी ट्रॅक्टरवर बसलेल्याला वाचवते, बाजूच्याला नाही.

चोकर तोंडापासून ३० ते ५० सेंमी मागे. साखळीचा हूक ओंडक्याच्या वरच्या बाजूला न ठेवता कुशीला ठेवलात तर ताण आला की ओंडका थोडा लोळतो. खुंटाला अडलेला ओंडका याच युक्तीने सुटतो: चोकर सोडायचा, खुंटापासून दूर लोळेल अशा बाजूने पुन्हा बांधायचा. जोर वाढवून खुंट उपटायला जाऊ नका. ओंडक्याच्या तोंडाची कड कुऱ्हाडीने चार बोटं तासली तरी तो जमिनीत नांगरासारखा शिरायचा थांबतो.

रस्त्यावर आल्यावर ओंडका दोरावर लटकवून ट्रॅक्टर चालवायचा नाही. पात्यावरच्या खाचांत चोकरची साखळी अडकवा, दोर सैल करा, पीटीओ बंद करा, मग लिफ्टने तोंड जमिनीपासून २०-३० सेंमी उचला. स्टिअरिंग हलकं लागलं तर एक ओंडका कमी करा.

बुंधा_शेंडा

फार उपयोगी. दोन शंका. रस्ता ३ मीटर रुंद, ट्रॅक्टर रस्त्याच्या दिशेतच उभा राहणार, म्हणजे ओंडका काटकोनात. तेव्हा कप्पी लावायची ना? आणि ओळखीच्या एका जुन्या विंचमध्ये क्लच सरकतो, भारात वास येतो. जुनी घेतली तर काय बघू?

कप्पीवाला

कप्पी लावायचीच. ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेपासून साधारण ३० अंशांपर्यंत तिरकी ओढ चालते, त्यापुढे ट्रॅक्टर आडवा पडायची भीती. ट्रॅक्टरच्या सरळ मागे, रस्त्याच्या कडेला जाड जिवंत झाड शोधा. त्याच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, ७५ ते १०० मिमी रुंद पट्टा बांधा. साखळी बांधली तर साल कापली जाते आणि झाड वाळतं. पट्ट्याला शॅकलने (पिन असलेली यू आकाराची कडी) बाजू उघडणारी कप्पी लावा, त्यातून दोर काटकोनात उताराकडे वळवा.

काटकोनात वळलेल्या दोराचा झाडावरचा भार ओढीच्या १.४ पट होतो. ३ टन ओढीला सव्वाचार टन. दोर कप्पीतून उलटा फिरवून ओंडक्यावर दुप्पट जोर घेतलात तर वेग निम्मा आणि कप्पीवर दुप्पट भार. ४ टनी विंचला कप्पी, शॅकल, पट्टा तिन्ही ८ टन कामाच्या भाराचे हवेत. तुटण्याच्या भाराचा आकडा आणि कामाच्या भाराचा आकडा वेगळे असतात, कप्पीवर कोणता कोरलाय ते वाचा. वाळलेला खुंट टेकू म्हणून धरू नका. वरून घट्ट वाटतो, मुळं कुजलेली असतात.

आणि दोराने जो कोन केला त्याच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. पट्टा तुटला तर कप्पी त्याच कोनाच्या पोटातून सुटते. क्लचची दोरी पुरत नसेल तर लांब करा, माणूस आत आणू नका. तुमच्यासारख्या जागी रेडिओ रिमोटची विंच खरंच उपयोगी, कारण ओंडक्याबरोबर बाजूने चालत येता येतं आणि अडला की तिथूनच थांबवता येतं.

न्यूट्रल

जुन्या विंचबद्दल. क्लच सरकण्याची कारणं मला दिसतात ती अशी. सर्वात साधं म्हणजे लायनिंग झिजलंय आणि लिव्हरचा खेळ जुळवलेला नाही. बोल्टने जुळणी करा, दोरी सोडल्यावर लिव्हरला थोडा मोकळा खेळ राहिला पाहिजे. दुसरं, ड्रमच्या बेअरिंगला ग्रीस गनने नको तितके पंप मारलेत आणि ग्रीस लायनिंगवर गेलंय. असं असेल तर नुसतं पुसून भागत नाही, लायनिंग तेल पितं, ते बदलावंच लागतं. तिसरं, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय. तो ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडला की पुन्हा धरतो, लायनिंगची जाडी शिल्लक असेल तर. मात्र तबकडीवर निळे डाग असतील तर ती तापून वाकली असण्याची शक्यता, सपाट पट्टी लावून बघा.

दोर हाताने ओढून पूर्ण बाहेर काढा. ड्रमला हलका ब्रेक असतो, तो नसेल तर दोर झटक्यात सुटून ड्रमवर गुंता होतो. ड्रम अडकवायची खुंटी आणि तिचे दात बघा, कडा गोल झाल्या असतील तर भार धरणार नाहीत. कप्पीच्या खोबणीत दोराचे ठसे उमटले असतील तर कप्पी बदला, नवा दोर त्यावर टिकत नाही.

आणखी एक, नव्या-जुन्या दोन्ही विंचना. पावसात आठवडाभर उभी राहिली की लायनिंग गंजाने ड्रमला चिकटतं. मग पीटीओ लावताक्षणी, दोरी न ओढताही, ड्रम गुंडाळायला लागतो आणि त्या वेळी कोणीतरी दोर हातात घेऊन खाली निघालेलं असतं. रोज सकाळी चोकर बांधण्याआधी, दोराला कोणाचा हात नसताना, पीटीओ कमी आरपीएमवर चालू करा आणि ड्रम स्तब्ध आहे का बघा. फिरत असेल तर पीटीओ आणि इंजिन बंद करून दोर हाताने खेचून तो मोकळा करा.

बुंधा_शेंडा

ठरलं. ४ टनी, १२ मिमी स्टील गाभ्याचा ६० मीटर दोर, ८ टनी कप्पी, पुढे १५० किलो वजनं. जुन्या विंचची तबकडी पट्टी लावून बघतो आणि निळे डाग दिसले तर फोटो टाकतो.